मास्तरांना पाय हवे होते

शनिवारी दुपारी टेलरमास्तर दुकानाच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे होते, आणि यंत्राचं म्हणणं होतं की दुकानात माणूस एकच आहे, तो म्हणजे डमी.

डमी आरशाशेजारी असायची. तिला डोकं नव्हतं, हात नव्हते, एकच लाकडी पाय होता. अंगावर अर्धवट शिवलेला कोट. यंत्राला ती पसंत पडली. शेजारी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या लॅपटॉपवर हिरव्या काड्यांचा एक माणूस उमटला, तो डमीच्या जागी उमटला आणि ताठ उभा राहिला.

"हलत नाही," घड्याळजी म्हणाले. "मास्तर, जरा हला."

मास्तर हलले. काड्यांचा माणूस हलला नाही.

मास्तर एकसष्ट वर्षांचे. त्यातली चाळीस वर्षं शिवणकामात गेली. पुढे दुकान, पडद्यामागे घर. दुकानात दोन मशिनं, कापायचं टेबल आणि भिंतभर आरसा. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते नमस्कार करत आणि नंतर बायकोला सांगत, बेचाळीस छाती भेटला होता, मुलीचं लग्न ठरलंय म्हणाला. मास्तरीणबाईंना बरोबर कळायचं. गिऱ्हाइकाच्या सुटलेल्या पोटाला मास्तर पोट म्हणत नसत. "इथे जरा आराम वाढलाय," एवढंच म्हणत. त्यामुळे जाडी माणसं लांबून त्यांच्याकडे येत.

अशा माणसाला या भानगडीत पाडलं ते त्यांच्या ताईने.

ताई पाच वर्षांनी मोठी. समुद्रापलीकडे राहायची. कानाच्या दुखण्यामुळे तिला विमान वर्ज्य. मास्तरांना बसमध्येही मळमळायचं, तर जहाजाची गोष्टच सोडा. तीस वर्षं बहीणभावांची भेट फोनवरच होत होती. मग ताईने एक खोकं पाठवलं. खोक्यात डोक्याला बांधायचा मोठा काळा चष्मा होता आणि हातात धरायच्या दोन मुठी. चष्मा लावला की माणूस दुकानातून उठून थेट एका सभागृहात जायचा. लाकडी जमीन, उंच खिडक्या, झुंबरं. ताईच्या इमारतीतली म्हातारी मंडळी दर रविवारी चार वाजता तिथे जमत. आपापल्या खोलीतून, आपापला चष्मा लावून.

मास्तर पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे त्यांचं फक्त डोकं, छाती आणि दोन हात पोचले. कमरेखाली काही नव्हतं. चष्म्याला डोकं कळतं, मुठींना हात कळतात, पायांचं कोण सांगणार? ताईने त्यांची सगळ्यांशी ओळख करून दिली. "हा माझा धाकटा भाऊ. खालचा भाग यायचाय अजून."

हेही चाललं असतं. पण त्या महिन्याच्या अखेरीला सभागृहात जोडीचा नाच होता, आणि ताईला तो मास्तरांबरोबर नाचायचा होता. लहानपणी आई कामावर गेली की ताई स्वयंपाकघरात छोट्या भावाला हाताला धरून नाचवायची. नाचवायची म्हणजे केरसुणीसारखं फिरवायची. दोघांना बारा पावलं येत होती, त्यातली अकरा ताईला. नंतर ती लग्न करून गेली आणि तेरावं पाऊल राहूनच गेलं. पुढच्या महिन्यात तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होती. डॉक्टर म्हणत होते, नंतर चालता येईल. नाचायचं काय, असं विचारल्यावर डॉक्टर हसले होते.

"माझे गुडघे माझे आहेत तोवर एकदा, छोट्या," ताई म्हणाली होती.

मास्तर हो म्हणाले. पण सभागृहाचा कारभार एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे होता. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाईंचा नियम होता, पाय नसलेल्यांना नाचात प्रवेश नाही. मागच्या वेळी एक बिनपायांचे गृहस्थ नाचता नाचता दोन जोड्यांच्या आणि एका टेबलाच्या आरपार निघून गेले होते. एका बाईंना भोवळ आली होती. जोड्यांची नावं रविवारी चार वाजता लिहून घेणार होते. मास्तर पायांसकट आले नाहीत तर ताईच्या जोडीला एक दंतवैद्य तयारच होता. त्याला पाय होते. नुसते पाय नव्हते, टाचा उचलता येणारे पाय होते. मास्तरांना हा दंतवैद्य मनातून आवडत नव्हता. तो दर वेळी मास्तरांकडे बघताना छातीपर्यंत बघायचा आणि थांबायचा.

म्हणून मास्तर शेजारच्या घड्याळजींकडे गेले. घड्याळजींचा हात कशातही चालायचा, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. त्यांनी कपाटातून एक लांबट कॅमेरा काढला. सात वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक तो दुरुस्तीला टाकून गेलं आणि परत फिरकलंच नाही. कॅमेरा समोर न दिसणारा उजेड टाकतो, घड्याळजींनी समजावलं. तो उजेड माणसावर आपटून परत येतो. त्यावरून यंत्र ओळखतं, गुडघा कुठे, घोटा कुठे. मग तीच हाडं सभागृहातल्या माणसाला लावतं.

"म्हणजे मापं घेतं," मास्तर म्हणाले.

"हात न लावता."

मास्तरांनी कॅमेऱ्याकडे जरा आदराने पाहिलं.

तर शनिवारी दुपारी कॅमेऱ्याने डमीचं माप घेतलं. मास्तरीणबाईंनी डमीला उचलून पडद्यामागे नेलं. कॅमेऱ्याने मग मास्तरांना पाहिलं, पण एकट्याला नाही. लॅपटॉपवर दोन काडीमाणसं आली. एक पुढे, एक मागे. पुढच्याने उजवा हात उचलला की मागच्याने डावा. दोघं मधूनच एकमेकांचे पाय अदलाबदल करून घेत.

"दुसरा कोण?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

घड्याळजींनी बराच विचार केला. पुस्तिका उलटी धरून वाचली, सुलटी धरून वाचली. शेवटी मास्तरीणबाई इस्त्री खाली ठेवून आल्या आणि त्यांनी आरशावर चादर टाकली. दुसरा माणूस गेला.

आता एकटे मास्तर उरले, पण तेही अर्धे. कमरेपर्यंत काड्या स्वच्छ, त्याखाली नुसता गोंधळ. गुडघा क्षणात मांडीला, क्षणात कानाला. घड्याळजींनी कॅमेरा पुसला, फुंकर मारली, वायर काढून परत लावली. मग त्यांची नजर मास्तरांच्या पँटवर गेली. काळी कुळकुळीत पँट, वर घोळदार. मास्तरांच्या सगळ्या पँटी काळ्याच. चाळीस वर्षांत त्यांनी दुसरा रंग अंगाला लावला नव्हता, खडूचा डाग लगेच दिसावा म्हणून. घड्याळजी म्हणाले, काळं कापड उजेड पिऊन टाकत असणार. हवं काहीतरी फिकं आणि अंगासरसं.

घरात फिकं आणि अंगासरसं एकच कापड होतं. मास्तरीणबाईंची गुलाबी लेगिंग.

मास्तर नको म्हणाले. मास्तरीणबाईही नको म्हणाल्या, कारण ती नवी होती. थोड्या वेळाने मास्तर पडद्याआडून आले ते वर कॉलरचा शर्ट, गळ्यात टेप आणि खाली गुलाबी पाय घेऊन. घड्याळजींनी त्यांच्याकडे न बघता लॅपटॉपकडे बघितलं. काडीमाणसाला दोन पाय फुटले होते. गुडघे गुडघ्यांच्या जागी, घोटे घोट्यांच्या. मास्तरांनी चष्मा बांधला, मुठी धरल्या आणि एक पाय उचलला. काडीनेही उचलला. मास्तर आनंदाने एक गिरकी घ्यायला गेले तेवढ्यात दाराशी एक गिऱ्हाईक आलं, अडतीस कंबर, पँट आखूड करायला. त्याने आत पाहिलं. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मुठी, गुलाबी पायांनी गोल फिरणारे मास्तर पाहिले. पँट टेबलावर ठेवली आणि मास्तरीणबाईंना हळूच म्हणालं, "घाई नाही. बरं वाटल्यावर करा म्हणावं."

शेवटी यंत्राने उंची विचारली.

हा प्रश्न सोपा होता. पण मास्तरांनी आयुष्यात कुणाचं उघडं माप लिहिलेलं नव्हतं. बाहीला अर्धा इंच, कंबरेला एक, मुलाच्या पँटला दोन. कापड आटतं, माणूस वाढतो, मार्जिन सोडलेलं बरं. मार्जिन न सोडणारा शिंपी आणि मीठ न घालणारा आचारी, दोघांनाही गिऱ्हाईक एकदाच लाभतं, असं ते सांगत. घड्याळजी बोटं वर करून थांबले होते. मास्तरांनी मनात आपली उंची धरली, पाच-तीन. एक इंच आटण्याचा धरला. एक इंच बुटाच्या टाचेचा. एक असू दे म्हणून.

"पाच-सहा," मास्तर म्हणाले.

घड्याळजींनी पाच-सहा लिहिलं.

रविवारी चारला पाच कमी असताना मास्तर सभागृहात उतरले. मंडळी जमली होती. मोठ्या बाई वही घेऊन खुर्चीवर. दंतवैद्य खिडकीशी उभा राहून टाचा वर-खाली करत होता. मास्तरांनी खाली पाहिलं. पाय होते. दोन होते. त्यांना सभागृहात सगळ्यांना हाक मारून सांगावंसं वाटलं, पण त्यांनी स्वतःला आवरलं आणि ताईकडे चालत गेले.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकली.

"छोट्या, तू तरंगतोयस."

तरंगत होते. पाय चालत होते, गुडघे वाकत होते, पण बुटांचे तळवे जमिनीच्या तीन इंच वर. मास्तर एक पाऊल टाकत आणि ते हवेतच पडे. दंतवैद्याने पहिल्यांदा छातीच्या खाली पाहिलं. मोठ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, पाय आणलेत ते ठीक, पण ते टेकलेही पाहिजेत, हवेत नाचायची सोय आमच्याकडे नाही. सव्वाचारपर्यंत वेळ देते.

दुकानात एकच धांदल उडाली. मास्तर चष्म्याच्या आतून ओरडून सांगत होते, खाली घ्या, मला खाली घ्या. घड्याळजींनी कॅमेऱ्याखालचं स्टूल काढून पाट ठेवला. मास्तर तिरके झाले. पाट काढून कापडाचे दोन तागे ठेवले. मास्तर आणखी तिरके झाले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "नाचता येईना म्हणून अंगण वाकडं ऐकलं होतं. इथे तुम्ही खरंच वाकडं करून ठेवलंत."

एवढ्यात वायर मास्तरांच्या पायात अडकणार असं दिसलं. घड्याळजी लगबगीने मधे आले, वाकले, वायर उचलली आणि तिच्यावरून पाय टाकत डावीकडून उजवीकडे सरकले.

सभागृहात मास्तरांचे पाय एकदम जमिनीवर आले.

"आले," ताई म्हणाली. "छोट्या, टेकले बघ."

टेकले होते. नुसते टेकले नव्हते, ठेक्यात पडत होते. एक, दोन, डावीकडे, थांब. एक, दोन, उजवीकडे, थांब. मास्तर तर जागचे हललेसुद्धा नव्हते. त्यांनी चष्मा थोडा वर सरकवून खालून पाहिलं. कॅमेऱ्यासमोर घड्याळजी वायर चुकवत इकडून तिकडे पाय टाकत होते. लॅपटॉपवर मास्तरांचं डोकं, मास्तरांचे हात आणि कमरेखाली घड्याळजी. आयुष्यभर टिकटिक ऐकलेला माणूस. पाऊल चुकणार कसं? वर उंचीनेही बरोबर पाच-सहा.

घड्याळजींच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. ते मास्तरांच्या कानाशी येऊन कुजबुजले, "मी राहतो उभा. वरचं तुम्ही सांभाळा, खालचं मी बघतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

मास्तरांनी चष्मा खाली ओढला. समोर ताईने हात पुढे केला होता. तिच्या मागे मोठ्या बाईंनी पेन उघडलं होतं. दंतवैद्याच्या टाचा थांबल्या होत्या. मास्तरांनी ताईच्या हातात हात दिला. घड्याळजींनी पहिली चार पावलं टाकली. सुरेख पडली.

"अगं बाई," ताई म्हणाली. "इतका सरळ चालायला कुठे शिकलास?"

आणखी चार पावलं पडली. ताई हसत होती. लहानपणी ती अशी हसत नसे. लहानपणी ती ओरडायची, मेल्या, डावा, डावा, हा डावा आहे का?

मास्तरांना वाटलं होतं तितका आनंद होत नव्हता. खरं तर मुळीच होत नव्हता. आपण आपल्याच बहिणीचा हात धरून उभे आहोत आणि ती शेजारच्या घड्याळजींबरोबर नाचते आहे, असं काहीतरी विचित्र होत होतं. मग दंतवैद्य काय वाईट होता?

"ताई," ते हळूच म्हणाले. "हे पाय माझे नाहीत."

ताई थांबली. घड्याळजींना ऐकू गेलं नव्हतं, त्यामुळे पाय आणखी दोन पावलं पुढे गेले आणि परत आले.

"कुणाचे?"

"घड्याळजींचे."

सभागृहात कुजबुज झाली. मोठ्या बाईंनी पेन बंद केलं. मास्तरांनी खालमानेने सगळं सांगितलं. कॅमेरा चांगला आहे, डमी काढली, आरसा झाकला, लेगिंगचं तेवढं वगळलं. पण माझे पाय पोचतच नाहीत जमिनीला, ताई. का ते कळत नाही.

ताई त्यांना खालून वर बघत होती. मग म्हणाली, मघापासून मला हेच खटकतंय, तू माझ्याहून उंच कधी झालास?

मास्तरांनी खाली बुटांकडे पाहिलं.

"उंची किती सांगितलीस यंत्राला?"

"पाच-सहा."

"छोट्या."

"मार्जिन धरून," मास्तर म्हणाले.

ताईने कपाळाला हात लावला. आता ती लहानपणीच्या आवाजात बोलली, आणि मास्तरांना एकदम बरं वाटलं. "मेल्या, कोट शिवतोयस का स्वतःला? जा. उघडं माप घेऊन ये. चुकीचे का असेनात, तुझे पाय घेऊन ये. त्यांना विंचू चावल्यासारखे पडतात, ठाऊक आहे मला. नाचायचंय मला तुझ्याशी."

चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. मास्तरांनी चष्मा काढला. घड्याळजींना कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हायला सांगितलं. घड्याळजी झाले, पण जरा फुरंगटून. मास्तर दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले आणि गळ्यातला टेप काढून त्यांनी बायकोपुढे धरला.

चाळीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाची मापं घेतली होती. त्यांचं माप कुणी घेतलं नव्हतं. स्वतःचे कपडे ते जुन्या कपड्यांवर ठेवून कापत. मास्तरीणबाईंनी त्यांच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी टेकवली. मास्तर टाचा उचलायला लागले. मास्तरीणबाईंनी आपल्या पायाने त्यांचा पाय दाबला. चौकटीवर खडूने खूण केली, टेपचं एक टोक वर धरलं, दुसरं पायाखाली, आणि वाकून वाचलं.

"पाच फूट, पावणेतीन इंच."

"तीन लिही."

"पावणेतीन आहेत."

"पाव इंचाने काय होतंय?"

मास्तरीणबाईंनी सरळ उभं राहून नवऱ्याकडे पाहिलं. "आपलं जमवताना तुमच्याकडच्यांनी पाच-सहा कळवलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्याशेजारी बुटकी दिसू नये म्हणून मी लग्नात उंच टाचा घातल्या, तर तुम्हीच दिसेनासे झालात. सदतीस वर्षं मला वाटतंय की मीच वाढले."

घड्याळजी छताकडे बघत होते. मास्तरीणबाईंनी लॅपटॉपपाशी जाऊन स्वतः आकडा घातला. पावणेतीन. पाव इंच इकडे नाही, तिकडे नाही.

मास्तर सभागृहात परत उतरले ते धपकन. आवाज आला नाही, पण आल्यासारखा वाटला. बुटांचे तळवे लाकडाला नीट चिकटले होते. झुंबरं थोडी वर गेली होती. ताई त्यांच्याहून बोटभर उंच झाली होती, म्हणजे होती तशी. दंतवैद्य बराच उंच झाला होता. मास्तरांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, आणि दंतवैद्याने नाइलाजाने का होईना, मान किंचित झुकवली.

चार चौदा. मोठ्या बाई खुर्चीतून उठून आल्या. मास्तरांच्या पायांभोवती एक फेरी मारली.

"हे तुमचेच?"

"माझेच."

"चालून दाखवा."

मास्तर चालले. गुडघे बाहेर, पंजे आत. चाळीस वर्षं पायांनी मशीन चालवलेल्या माणसाची चाल. मोठ्या बाईंनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, हो, हे त्याचेच.

मोठ्या बाईंनी वही उघडली. "जोडीत पुढे कोण?"

"मी," ताई म्हणाली.

"ती," मास्तर म्हणाले.

नावं लिहिली गेली. सराव करून बघा म्हणून मोठ्या बाईंनी एक गाणं लावलं. ताईने हात धरला. तिने एक पाऊल मागे घेतलं, मास्तरांनी एक पुढे टाकलं, ते सरळ तिच्या पावलावर पडलं.

"आई गं," ताई ओरडली. समुद्रापलीकडे, आपल्या खोलीत, एकटीच. मग तिला हसू आलं, कारण काहीच दुखलं नव्हतं.

"डावा, छोट्या," ती म्हणाली. "हा डावा आहे का?"

दुकानात मास्तर थांबले, गुलाबी पायांकडे चष्म्यातून दिसत नसतानाही बघितलं, आणि दुसरा पाय पुढे टाकला. तोही चुकीचाच होता. पण तोवर ताईचाही चुकला होता, त्यामुळे त्या पावलाला दोघांचे पाय बरोबर पडले.